कुंदा, तुझी शेवटची संख्या

कुंदा, आधी आवाज आठवतो. केनवडच्या तुझ्या घरात, मधल्या खोलीत, सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीशेजारी ठेवलेल्या त्या जुन्या संगणकाचा पंखा. त्याचा सूर एकसारखा नव्हता. तो हळूहळू चढायचा, मग दम टाकल्यासारखा उतरायचा, पुन्हा चढायचा. आणि त्या चढउताराबरोबर तापलेली धूळ, कच्चे सोयाबीन आणि तू केसांना लावायचीस ते माक्याचे तेल यांचा एक मिश्र वास खोलीत फिरत राहायचा. मी पहिल्यांदा आले तेव्हा विचारले होते, "हा कधी बंद नाही का करत?" तू माझ्याकडे असे पाहिलेस, जसे मी एखाद्या माणसाच्या श्वासाबद्दल विचारले असावे.

"बंद कायले करू वं? काम करून राह्यला ना बिचारा."

"कसलं काम?"

"एका आकड्याले इचारून राह्यला, तू तुटतं का नाई म्हणून."

तू गेलीस त्याला अजून महिनाही झालेला नाही. वाशीमजवळच्या मालेगावात, आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात, शिक्षकांच्या खोलीत, तुझी खुर्ची अजून माझ्या खुर्चीला लागूनच आहे. तिच्या पाठीवर तुझा खडूच्या धुळीने पांढरट झालेला रुमाल आहे. तो कोणी उचलत नाही. शिपाई खुर्च्या पुसतो, तेव्हा तेवढी एक वगळून पुढे जातो, आणि मी वहीत मान घालून बसते. मला तुझे सुतक नव्हते, कुंदा. रक्ताच्या माणसांना दिवस नेमून दिलेले असतात, शिवायचे नाही, शिजवायचे नाही, देवाला हात लावायचा नाही. मैत्रिणीसाठी असे काहीच नेमलेले नाही. तुला पोहोचवून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बारावीला अलंकार शिकवले. पोरांनी उदाहरणे मागितली. मी दिली.

तुझ्याशी मैत्री झाली ती भांडणातून. मी कवितेत वाढलेली. शब्दाला स्पर्श असतो, गंध असतो, असे मानणारी. आणि तू ज्या वस्तूच्या प्रेमात होतीस तिला ना रंग, ना वास, ना आकार. दोनाला दोनाने गुणत जायचे, कोट्यवधी वेळा, आणि जी प्रचंड संख्या येईल तिच्यातून एक वजा करायचा. अशी संख्या फार क्वचित मूळ निघते. मूळ म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणीही निःशेष भागू शकत नाही. छापायला घेतली तर आपल्या वाचनालयाचा एक कप्पा तिच्या अंकांनीच भरून जाईल. मी म्हटले होते, "वाचणार कोण?" तू म्हणालीस, "तुह्या कविता कोण वाचते?" आणि अख्खी खोली हसली होती. मीही.

मग तू एकदा सांगितलेस, की यंत्राच्या लिपीत, जिथे शून्य आणि एक एवढी दोनच अक्षरे असतात, तिथे ही संख्या लिहिली तर नुसते एक येतात. एकाशेजारी एक, त्याच्याशेजारी एक, शेवटपर्यंत. मध्ये कुठेही शून्य नाही. मी म्हणाले, "ही तर एकट्यांची रांग झाली, कुंदा." तू चहाचा घोट घेतलास आणि म्हणालीस, "नाई वं. जत्रा हाये." त्या एका उत्तरासाठी मी तुझी जन्मभर ऋणी राहीन. माझ्या सगळ्या शिक्षणाने मला रांगेतले एकटेपण पाहायला शिकवले होते. जत्रा तू दाखवलीस.

परीक्षा कशी घेतात तेही तूच दाखवलेस. बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून, टेबलाच्या फळीवर. "हे पाह्य. सात घे. आपला लहानसा, घरचा आकडा. आता चार घे. त्याचा वर्ग, सोळा. दोन काढ, चौदा. सातनं भाग. बाकी?"

"शून्य."

"शून्य! म्हंजे सात मूळ हाये. मोठ्या आकड्याले हेच कोट्यवधी वेळा करा लागते. वर्ग कर, दोन काढ, भाग दे, बाकी ठेव. पुन्हा वर्ग कर. शेवटी शून्य उरलं तं जिकलो."

"आणि काही उरलं तर?"

"तं तो तुटते."

"कशाने तुटतो?"

तू बोट पदराला पुसलेस. "थे नाई सांगत. तुटते, एवढंच सांगते. कशानं तुटते थे शोधाले जग संपून जाईन, तरी कदाचित सापडणार नाई."

मला ते क्रूर वाटले होते. ज्या परीक्षेत घाव कुठे बसेल हे कळत नाही, फक्त वस्तू अभंग नाही एवढेच कळते, ती कसली परीक्षा? तू म्हणालीस, "खरं सांगते ना पण." तेव्हा चहाचे ते अंक फळीवर वाळत आले होते. सातचा आकडा सर्वांत शेवटी वाळला.

तुझे यंत्र जुने होते, म्हणून नव्या, कोणी न पाहिलेल्या संख्या त्याच्या वाट्याला येत नसत. जगभर तुझ्यासारखी माणसे आपापल्या घरी असे संगणक चालू ठेवतात, हे मला तुझ्यामुळे कळले. आणि हेही, की त्यांच्यात तुझे काम सर्वांत कमी मानाचे होते. ज्या संख्येला कोणाच्या तरी यंत्राने एकदा "नाही" म्हटले आहे, तिला तू पुन्हा पहिल्यापासून तपासायचीस. कारण यंत्रेही चुकतात. उन्हाने तापतात, वीज जाता-येता एखादा अंक घसरतो. न जाणो, एखादी खरी मूळ संख्या चुकून नाकारली गेली असेल. बहुतेक वेळा उत्तर तेच यायचे. एकेका संख्येला महिना-महिना देऊन तू कुणाच्या तरी नकारावर आपला नकार ठेवायचीस.

"कंटाळा नाही येत?" मी विचारले होते.

"काहून येईन? एकदा नाई म्हटलं तं त्याले पुन्हा कोणी पाहू नये का?" आणि मग, डोळे मिचकावून: "मले बी पाहाले आले व्हते चार-दोन जण. पोहे खाऊन नाई म्हणून गेले. दुसऱ्यानदा तपासाले कोणी आलं का? आलं असतं तं कदाचित निंगाली असती म्या मूळ!"

तुझी आई, ज्यांना मी मावशी म्हणते, चुलीपाशी बसून ऐकत होत्या. "मूळच हायेस बाप्पा तू," त्या म्हणाल्या, "कोण्या देवाच्यानं भागली जात नाई." तू एवढी हसलीस, की पंख्याचा आवाज काही वेळ ऐकूच आला नाही.

तुझ्या माझ्यातला शेवटचा वाद अर्धाच राहिला. तो तुझ्या जाण्याच्या आदल्या दिवशीचा. मालेगावच्या स्टँडवर, कांदाभजी तळल्याच्या वासात उभ्या होतो. मी म्हणत होते, की शोधेपर्यंत तुझी संख्या नसतेच. कविता लिहिली जाईपर्यंत जशी ती नसते. जे कोणी उच्चारले नाही, ते कुठे असणार? तू चिडलीस. तू चिडायचीस तेव्हा हातातली पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचीस. "पुस्तकासारखी बोलू नोको. आकडा असते. कोणी मोजो, न मोजो. आपण कोणीच नव्हतो तवा बी व्हता, कोणीच नसू तवा बी राहीन. त्याले तुह्यी गरज नाई."

"हे सिद्ध करून दाखव."

"उद्या दाखवतो," तू म्हणालीस, कारण तुझी एस.टी. लागली होती. कंडक्टरने दार आपटले. खिडकीतून तू काहीतरी ओरडलीसही, हसत. पण इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आले नाही. काय होते ते, कुंदा? मी रोज स्टँडवरून जाते, आणि रोज तुझे ओठ आठवून पाहते. त्यांचा आकार आता पुसट होऊ लागला आहे.

आता त्या वादात तूच बरोबर ठरावीस, असे मला प्राणपणाने वाटते. कोणी मोजले नाही तरी असणारे काहीतरी असते, कोणी हाक मारली नाही तरी राहणारे. तू असशील, कुठेतरी, कोणत्याही उच्चाराच्या पलीकडे, अभंग. मी स्वतःला हे सांगून पाहते, आणि लगेच तुझाच आवाज विचारतो, "पुरावा?" माझ्याजवळ पुरावा नाही. तू तो उद्या दाखवणार होतीस.

त्या "उद्या"च्या दिवशी तू कॉलेजला आली नाहीस. सुट्टी टाकली होतीस, अंग मोडून आल्यासारखे वाटते म्हणालीस फोनवर. दुपारी जेवलीस आणि मधल्या खोलीत जाऊन बसलीस. पुढचे मावशींनी मला सांगितले. अजूनही सांगतात, प्रत्येक भेटीत, त्याच शब्दांत:

"पंखा चालू व्हता ना वं. मले वाटलं, काम करून राह्यली. म्या चहा बी नाई नेला. म्हटलं, मोडते तिचं काम. दिवेलागणीले गेली तं मान पोत्यावर टाकून बसली व्हती. अन् पंखा चालूच."

त्या सबंध दुपारभर, तो आवाज ऐकत, त्यांच्या लेखी तू जिवंत होतीस.

वाशीमला नेले. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे सांगितले. मावशी जमिनीवर बसल्या होत्या, तिथूनच वर पाहून त्यांनी विचारले, "कशानं पडलं बंद? काई दुखनं नव्हतं तिले. कशानं गेली माही पोर?" डॉक्टर म्हणाले, उघडून पाहिल्याशिवाय ते सांगता येणार नाही, आणि पाहूनही सांगता येईलच असे नाही. तुझा भाऊ पुण्याहून निघाला होता. त्याने फोनवरच नको म्हटले. मावशींनीही मान हलवली. त्यांचा प्रश्न मात्र तिथून उठला तो आमच्याबरोबर गाडीत बसून केनवडला आला. सावडायला गेला, दहाव्याला गेला. आल्या-गेल्याला त्या तोच विचारीत. लोक म्हणत, नशीब. म्हणत, देवाची मर्जी. त्या ऐकून घेत आणि पुढच्याला विचारीत.

तुझी माणसे तुझ्यासाठी जे करायचे ते सगळे करत होती. दिवा लावला. तो कुठे ठेवायचा यावरून बायकांत कुरबुर झाली, कारण मावशींनी तो मधल्या खोलीतच, त्या यंत्राशेजारी ठेवायचा हट्ट धरला. शेजारी परातीत ज्वारीचे पीठ पसरून वर टोपले पालथे घातले. गेलेले माणूस पुढे कोणता जन्म घेते, त्याची पावले म्हणे त्या पिठावर उमटतात. दिव्याला वारा लागू नये म्हणून यंत्राच्या बाजूने एक ताटली उभी केली. पिठाला आडोसा करायचे कोणाला सुचले नाही.

दहाव्याच्या सकाळी टोपले उचलले, तेव्हा पिठावर बारीक, दुहेरी रेघा होत्या, एकामागून एक, एका दिशेने गेलेल्या.

"पाखराचे पाय हायेत पाह्य! चिमणीचे."

"चिमणीचे एवढाले असतेत का? पारवा हाये."

"पारवा कसा होईन वं? बाईमाणूस व्हतं. साळुंकी म्हण."

"साळुंकीच. बोलाले कशी व्हती, तशीच."

तुझ्या यंत्राचा पंखा टोपल्याच्या विणीतून इतके दिवस त्या पिठावर फुंकत होता, कुंदा. विणीच्या काड्यांमधून आलेला वारा जसा जाईल, तशा त्या रेघा होत्या. मला ते पाहताक्षणी कळले. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मग सगळ्यांना ओळीने बसवून तो पंखा बंद-चालू करून दाखवला असतास. मावशींनी माझ्याकडे पाहिले. "तुले काय दिसते?"

"रेघा दिसतात, मावशी."

त्यांनी मान डोलावली. माझ्या मनात आले, यांनाही कळले आहे. त्यांनी तळव्याने ते पीठ हलकेच सारखे केले, एखाद्या निजलेल्याच्या अंगावरची चादर करावी तसे.

कारण त्यांना साळुंकी नको होती. त्यांना तुझा आकडा हवा होता. तू गेलीस तेव्हा यंत्रात जी संख्या चालू होती ती अजून चालूच होती, आणि तिचा निकाल लागेपर्यंत मावशी ते घर सोडायला तयार नव्हत्या. तुझा भाऊ वाईट नाही. तेरवी आटोपली की दुसऱ्या सकाळी आईला पुण्याला न्यायचे, घराला कुलूप लावायचे, असे त्याने ठरवले होते. एकट्या म्हातारीला मागे कसे ठेवणार? तो म्हणायचा, "माय, बंद कर आता ते. तापते. आगबीग लागंन."

"राहू दे. तिचा आकडा होऊ दे."

"अवं, काय होणार हाये त्यानं?"

"शून्य आलं तं जिकली माही पोर."

मग तो माझ्याकडे वळायचा. "ताई, तुमी तरी सांगा. किती टाइम हाये त्याले?"

पडद्यावर यंत्र स्वतःच अंदाज दाखवायचे. मी पाहून सांगायचे: तेरवीच्या आसपास. रोज कॉलेज सुटले की एस.टी.ने केनवडला जाऊन मी तो अंदाज पाहायचे. लाईन जायची, इन्व्हर्टर काही वेळ रेटायचा आणि मान टाकायचा, पंखा थांबायचा, मावशी उंबऱ्यात बसून लाईनची वाट पाहायच्या. लाईन आली, की यंत्र जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू व्हायचे, आणि अंदाज तेवढा मागे सरकायचा. असे वाटायचे, की तेरवी आणि ती संख्या यांच्यात शर्यत लागली आहे, आणि दोघींच्या शेवटी एक कुलूप आहे.

एक गोष्ट मी मावशींना सांगितली नाही. मला ठाऊक होते, की ती संख्याही तुझ्या नेहमीच्या संख्यांसारखीच होती. कोणीतरी आधी "नाही" म्हटलेली. शून्य येण्याची आशा इतकी बारीक होती, की तिला आशा म्हणणे हाच माझा कवितेतला जुना दोष ठरला असता. तरी मी आशा केली. मी, जिला तुझी संख्या कधी खरी वाटली नव्हती, मी एस.टी.च्या खिडकीशी बसून मनातल्या मनात म्हणत होते, काही उरू नये. एवढ्या वर्गांनंतर, एवढ्या भागाकारांनंतर, काही म्हणजे काही उरू नये.

किती विचित्र मागणे होते ते! घरभर तर तू उरली होतीस. मोरीत तुझा साबण होता, झिजून पातळ झालेला. दोरीवर ओढणी होती. माक्याच्या तेलाची बाटली अर्धी होती, आणि मी कोणी नसताना तिचे झाकण उघडून हुंगत होते. या सगळ्यातला कण न् कण उरावा म्हणून जीव तुटत होता. आणि त्या एका ठिकाणी मात्र काही उरू नये म्हणून आम्ही दोघी बायका श्वास धरून बसलो होतो.

तेरवीच्या दिवशी माणसे आली. अंगणात पंगती बसल्या, कढीचा आणि वड्यांचा वास घरभर झाला. मी मधल्या खोलीत पोत्याला टेकून होते, तू बसायचीस तिथेच. दुपार कलली. बाहेर बायका पत्रावळी उचलत होत्या, आणि तुझा भाऊ जीपवाल्याशी सकाळचे बोलत होता. पंख्याचा सूर नेहमीसारखा उतरला. मी तो चढण्याची वाट पाहिली. तो चढला नाही. उतरत, उतरत तो एका जागी येऊन थांबला, आणि लाईन असताना त्या खोलीत मी इतक्या वर्षांत कधीही न ऐकलेली शांतता पसरली. तिच्यात मला दूर कुणाच्या तरी गोठ्यातली घंटा ऐकू आली. ती आधीही वाजत असणार.

पडद्यावर एक ओळ होती. अंक आणि इंग्रजी अक्षरे मिसळलेली. तू सांगितले होतेस तसा, भागाकारात उरलेल्या बाकीचा शेवटचा तुकडा. तिच्यात शून्य शोधायला मी दोनदा वाचली. ते शून्य नव्हते.

मावशी दारात आल्या होत्या. उरलेली कढी आवरता आवरता त्यांना ती शांतता ऐकू आली असावी. हाताला कढी तशीच होती.

"झालं?"

"झालं, मावशी."

"निंगाला का शून्य?"

मी वाक्ये तयार ठेवली होती. वाटेने जुळवलेली, चांगली वाक्ये. शून्य आले नाही म्हणजे काहीतरी उरले आहे, मावशी. तुमच्या कुंदाने काहीतरी मागे ठेवले आहे. ती एकाशेजारी एकांची जत्रा होती. त्यांतले एकही माझ्या तोंडातून बाहेर आले नाही. मला तुझी फळी आठवली, चहाने लिहिलेली, आणि तुझे "खरं सांगते ना पण."

"नाही, मावशी," मी म्हणाले. "शून्य नाही आलं. तो तुटतो."

त्यांनी कढीचा हात पदराला पुसला आणि तुझ्या जागेकडे पाहिले, जिथे मी बसले होते. मग माझ्याकडे पाहून, अगदी हळू, ज्याला उत्तर असलेच पाहिजे अशा आवाजात त्यांनी विचारले,

"कशानं?"